तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे द्यायचे का?

"आम्ही लिफ्ट वापरतच नाही, मग मेंटेनन्समध्ये लिफ्टचे पैसे कशाला?" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि तळमजल्याला माफी असते असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण महाराष्ट्रातल्या सहकारी हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (मॉडेल बायलॉज, म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम) तसं काहीच नाहीये. लिफ्टचा मेंटेनन्स आणि तिचं लाइटबिल त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मेंबरांत सारखं वाटायचं, कोणी वापरो न वापरो.

दुसरा गैरसमज, सगळा मेंटेनन्स फ्लॅटच्या स्क्वेअर फुटावर लागतो हा. वॉचमन, साफसफाई, जिन्यातले लाइट, ऑफिसखर्च हे सर्व्हिस चार्जेस, ते वनबीएचके असो की थ्रीबीएचके, सगळ्यांना सारखेच, कारण वॉचमन मोठ्या घरावर जास्त वेळ लक्ष ठेवत नाही ना! मात्र पाण्याचं बिल नळ किती आणि केवढे यावर, प्रॉपर्टी टॅक्स महापालिका लावेल तसा, आणि रिपेअर फंड वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. म्हणजे मोठ्या फ्लॅटला या दोन फंडांत जास्त भरावंच लागतं. सिंकिंग फंड रोजच्या खर्चाला वापरायचा नसतो, तो पुनर्बांधणी आणि मोठ्या स्ट्रक्चरल कामांसाठी राखून ठेवायचा, हे कमिटीला विचारत जा प्लीज.

एक मोठा फरक मात्र आहे, तुमची बिल्डिंग सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल तर सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागांमधल्या त्याच्या ठरलेल्या टक्क्यांच्या) प्रमाणात लागतो, तिथे सारख्या वाटणीचा नियम नाही. त्यामुळे भांडायच्या आधी आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा.