एटीएस आणि तुमचा रेझ्युमे: ग्राहकांसाठी माहिती

"एवढ्या ठिकाणी अर्ज टाकले, एकाचाही फोन नाही. ते एटीएस म्हणे रेझ्युमे उडवतं?" आमच्याकडे रेझ्युमे करून घ्यायला येणारे बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात.

एटीएस म्हणजे कंपनीकडे आलेले अर्ज साठवणारं आणि हवा तो शोधून देणारं सॉफ्टवेअर. वर्कडे, टॅलिओ, झोहो रिक्रूट ही त्यातली काही नावं. 'शंभरातले 75 रेझ्युमे मशीनच फेकून देतं' असा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला धड आधार नाही. बऱ्याचदा नकार एचआरचा माणूसच देतो. प्रश्न असा, की त्याने सर्च मारल्यावर तुमचं नाव यादीत वर येतं का. मशीन परस्पर बाद करतं ते मुख्यतः फॉर्ममधल्या प्रश्नांवर: अनुभव किती, नाइट शिफ्ट चालेल का, नोटिस पिरियड किती. ही उत्तरं घाईत भरू नका. पगार महिन्याचा विचारलाय की वर्षाचा, तेही नीट बघा.

घरच्या घरी तपासा

रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मशीनला साधारण काय दिसतं, ते तिथे कळतं.

काहीच कॉपी झालं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे नुसतं चित्र आहे. मोबाइलवर स्कॅन केलेला असेल, नाहीतर कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसते आकार) करून दिलेला. काही सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरंही वाचतात, पण त्या भरवशावर राहू नका. दोन कॉलमचं कॅनव्हा डिझाइन असेल तर कधी कधी डावी-उजवी ओळ एकत्र होते आणि 'बँक रिकन्सिलिएशन मराठी हिंदी क्रिकेट' असलं काहीतरी वाचायला मिळतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं मराठी तर निरर्थक अक्षरं होऊन बाहेर पडतं. ते युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या अक्षरांत) करून घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. कौशल्यांपुढे चार-पाच तारे काढायची फॅशनही सोडा. 'टॅली, चार तारे' यातून माणसालाही काही कळत नाही.

शब्द जाहिरातीतले, काम तुमचं

'अकाउंट्सची सर्व कामे पाहिली' ही ओळ आम्हाला वरचेवर दिसते. कंपनी शोधते टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस. मग लिहायचं असं: 'टॅली प्राइमवर रोजच्या नोंदी, जीएसटीआर-1 आणि 3बी भरणे, टीडीएसचे हिशोब, महिनाअखेर बँक रिकन्सिलिएशन.' अर्थात, ते काम केलेलं असेल तरच. सीएनसी ऑपरेटरने मशीनचा कंट्रोल फॅनुक होता की सिमेन्स, तेही लिहावं. 'डीएमई' लिहिलंत तर एकदा 'डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग' असं पूर्णही लिहा. समोरचा कोणता शब्द टाकून शोधेल, सांगता येत नाही. तारखा महिन्यासकट द्या: जून 2021 ते मार्च 2024. अनुभवाची बेरीज बरीच सॉफ्टवेअर त्यावरूनच करतात.

पांढऱ्या अक्षरांत लपवून कीवर्ड (एचआर शोधेल ते शब्द) भरण्याची युक्ती यूट्यूबवर बरीच चालते. आम्ही ती करून देत नाही, आग्रह केलात तरीही. मजकूर वेगळा काढला की लपवलेलं सगळं उघडं पडतं, आणि मग खऱ्या अनुभवावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नोकरी डॉट कॉमवर असाल तर तिथलं प्रोफाइल अधूनमधून अपडेट करा. अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार दाखव, असा फिल्टर एचआरला लावता येतो.

आमच्याकडे येताना

जुना रेझ्युमे (वर्डची फाइल असेल तर उत्तम), ज्या जागांसाठी अर्ज करायचाय अशा दोन-तीन जाहिराती आणि अनुभवाची पत्रं आणा. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती आम्ही काढून टाकतो. तो लग्नाचा बायोडेटा नव्हे. नोकरीची हमी आम्ही देत नाही. वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइल तुम्हाला मिळतील. पीडीएफ नोटपॅडमध्ये टाकून तुमच्यासमोर दाखवू, मगच पैसे द्या.