मेदविकृती, एचआयव्हीबाधितांतील

एचआयव्हीची बाधा असलेल्या व विषाणुरोधी औषधे (एआरटी) घेणाऱ्या व्यक्तींच्या शरीरातील चरबीची मांडणी बदलण्याचा विकार. यास लिपोडिस्ट्रॉफी असेही म्हणतात. गाल, हात, पाय व नितंब यांवरील त्वचेखालची चरबी झडते (मेदक्षय). गालफडे बसतात, पायांवरच्या शिरा दोरीसारख्या वर येतात. उदरपोकळीत, स्तनांत व मानेमागे मात्र चरबी साचते (मेदसंचय). ट्रायग्लिसराइडांची वाढ, एचडीएल या ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलची घट आणि इन्शुलिनरोध (इन्शुलिनाला पेशींचा प्रतिसाद मंदावणे) हे बदल पुष्कळदा सोबत असतात. एड्समधील कृशतेत स्नायूही झिजतात. मेदक्षयात ते बहुतांशी टिकून राहतात.

विषाणूच्या प्रोटिएज या एंझाइमास अडवणारी प्रोटिएजरोधक औषधे १९९६ च्या सुमारास प्रचारात आली आणि वर्ष-दोन वर्षांत या बदलांच्या नोंदी होऊ लागल्या. इंडिनॅव्हिर घेणाऱ्यांच्या सुटलेल्या पोटाला त्या औषधाच्या व्यापारनावावरून ‘क्रिक्स बेली’ म्हणत. सिडनी येथील अँड्र्यू कार, डेव्हिड कूपर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या सर्व लक्षणांचे एकच लक्षणसमूह म्हणून वर्णन केले.

कारणमीमांसेबाबत दीर्घकाळ मतभेद राहिले. कार यांच्या मांडणीनुसार विषाणूच्या प्रोटिएज एंझाइमाचा क्रियाशील भाग मेदाच्या चयापचयातील दोन मानवी प्रथिनांशी साधर्म्य राखतो. त्यामुळे औषध त्या प्रथिनांनाही अडवत असावे. मात्र प्रोटिएजरोधक कधीही न घेतलेल्यांतही गाल बसलेले आढळू लागले. तेव्हा लक्ष न्यूक्लिओसाइड या विषाणुरोधी औषधांच्या दुसऱ्या गटाकडे वळले. ही औषधे पेशीतील तंतुकणिकांच्या (ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या) डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज-गॅमा या एंझाइमात अडथळा आणतात. ऊर्जानिर्मिती खालावून मेदपेशी मरतात. या बाबतीत स्टॅव्ह्युडिन सर्वांत घातक, झिडोव्ह्युडिन त्याखालोखाल. तरीही प्रोटिएजरोधक निर्दोष ठरत नाहीत : त्यांतील काही, विशेषतः इंडिनॅव्हिर, ग्लुकोज पेशीत नेणाऱ्या ग्लुट-४ या वाहकास रोखतात, आणि त्यातून इन्शुलिनरोध उद्भवतो. उपचार सुरू न झालेल्या रुग्णांतही ट्रायग्लिसराइडे वाढलेली व एचडीएल घटलेले आढळत असे. तेव्हा विषाणूचा स्वतःचा वाटाही मानावा लागतो. हातापायांची चरबी झडून तीच पोटात जाते, हा समज अमेरिकेतील ‘फ्रॅम’ अभ्यासानंतर मागे पडला. त्यात दोन्ही बदलांचा परस्परसंबंध आढळला नाही. मेदक्षय व मेदसंचय हे स्वतंत्र विकार मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली; मुंबईचे जे. जे. रुग्णालय आरंभीच्या केंद्रांपैकी एक. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन व नेव्हिरॅपिन हे स्वस्त संयोजन त्या काळी मुख्य होते. त्याने असंख्य जीव वाचवले, हे निःसंशय. पण ज्यांनी आजार घरच्यांपासूनही लपवला होता, त्यांचे गुपित बसलेल्या गालांनी फोडले. ही हानी प्रयोगशाळेच्या अहवालात उमटत नाही आणि तिला सौंदर्याचा प्रश्न म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

हातापायांतील चरबी डेक्सा या क्ष-किरण तपासणीने, तर उदरपोकळीतील सीटी स्कॅनने मोजतात. केवळ वजन व उंचीवरून काढलेला निर्देशांक फसवा ठरतो. भारतीयांत तर अधिकच, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे सडपातळ भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. धरतात.

कारणीभूत औषध बदलल्यास मेदक्षय थांबतो, पण गेलेली चरबी अतिशय सावकाश व अनेकदा अपुरी परत येते. गालांत पॉलिलॅक्टिक आम्ल टोचून भर घालण्यास अमेरिकेत २००४ मध्ये, तर पोटातील चरबी घटवणाऱ्या टेसामोरेलिनला २०१० मध्ये मान्यता मिळाली. मात्र टेसामोरेलिन थांबवताच चरबी पुन्हा साचते. हृदयविकाराचा धोका टाळण्याबाबत ‘रिप्रीव्ह’ ही चाचणी (२०२३) महत्त्वाची : ७,७६९ बाधितांत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या औषधामुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

डोल्युटेग्रॅव्हिर या नव्या विषाणुरोधी औषधावर आधारित उपचारांत जुना मेदक्षय दिसत नाही. त्याऐवजी सर्वांगीण वजनवाढ होते. दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत ती स्त्रियांत आणि टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड हे दुसरे विषाणुरोधी औषध सोबत घेणाऱ्यांत अधिक आढळली.