अक्रोडाचं लाकूड फिकं पडलं म्हणजे नकली?

‘अस्सल अक्रोडाचं लाकूड जुनं होईल तसं काळपट होतं, फिकं पडलं तर साध्या लाकडाला रंग फासलाय समजा,’ असा एक समज बरीच वर्षं फिरतो आहे.

तो पटतो, कारण चेरीसारखी लाकडं उजेडात खरोखर गडद होत जातात. काळा अक्रोड (ब्लॅक वॉलनट, फर्निचरसाठी वापरली जाणारी अक्रोडाची अमेरिकी जात) मात्र उलट्या वाटेनं जातो. ताज्या कापलेल्या गाभ्याचा रंग चॉकलेटी, कधी जांभळट झाक असलेला. लाकडातली रंगद्रव्यं उजेडानं हळूहळू बदलतात आणि काही वर्षांत तोच रंग मधाकडे झुकतो. अतिनील किरण अडवणारं वॉर्निश लावलं तर हे लांबतं, थांबत नाही.

खिडकीजवळच्या जुन्या टेबलावर कायम एकाच जागी असलेली फुलदाणी उचलून पाहा. खाली गडद वर्तुळ दिसेल. (ते डाग समजून घासू नका!)

अर्थात, वरून दिलेला रंगही उडतो. म्हणून नुसत्या फिकेपणावरून अस्सल-नकली काहीच ठरत नाही. खरी परीक्षा टेबलाच्या खालच्या बाजूला. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॉलिश पेपर किंचित फिरवा: रंग लावलेला असेल तर आत वेगळंच लाकूड उघडं पडतं, अक्रोड आतही तपकिरीच. फळीच्या वरच्या रेषा कडेवरही पुढे चालू दिसल्या नाहीत, तर बहुधा वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेला आहे.

आणि मध्येच दिसणारा पांढुरका पट्टा? तो सालीलगतचा भाग. तोही अक्रोडच.