ईमेलच्या लिंकमागचं 'मेलटू' आलं कुठून

ईमेलचा पत्ता वेबपेक्षा बराच जुना. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सननी अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं) माणसाचं नाव आणि मशीनचं नाव यांच्यामध्ये @ टाकलं, आणि १९८२ च्या आरएफसी ८२२ पर्यंत (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज) पत्ता कसा लिहायचा ते बऱ्यापैकी ठरलेलं होतं. मग वेब आलं. तिथे यूआरएलच्या, म्हणजे लिंकमागच्या पत्त्याच्या, सुरुवातीला कोलनच्या आधी एक नाव लागतं, एचटीटीपी, एफटीपी, गोफर असं काहीतरी, त्यावरून ब्राउझरला कळतं की पुढच्या मजकुराचं करायचं काय. मग ईमेल पत्त्याच्या आधी काय लावायचं?

डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ मध्ये (टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर, मार्क मकाहिल) बाकीच्या नावांसोबत मेलटू (mailto, म्हणजे 'याला मेल करा') आहे. खरा पेच मला इथेच दिसतो. एफटीपी, गोफर ही प्रोटोकॉलची, म्हणजे मशीनांनी आपसात बोलायच्या पद्धतींची, नावं, त्या हिशोबाने इथे एसएमटीपी (मेल पोचवायचा प्रोटोकॉल) यायला हवं होतं, पण मेल कुठल्या प्रोटोकॉलने जातो याच्याशी लिंकवर क्लिक करणाऱ्याला काय देणंघेणं, त्यामुळे मेलटू वाचलं की लगेच कळतं हे चांगलंच झालं. फक्त ते नाव एक काम सांगतं आणि कोलनपुढे असतो नुसता पत्ता. त्याच आरएफसीत स्पष्ट म्हटलंय की इतर यूआरएलसारखी ही थेट उघडता येईल अशी वस्तू नाही. पुढे एफओएएफमध्ये (माणसं आणि त्यांच्या ओळखी वेबवर नोंदवायची पद्धत) तर माणूस ओळखायला मेलटूच वापरलं, मेल पाठवायचा प्रश्नच नव्हता! माझ्या मते 'मेलबॉक्स' हे नाव जास्त स्वच्छ झालं असतं.

कोलननंतर दोन स्लॅश नाहीत कारण ते पुढे सर्व्हरचं नाव येणार असेल तर लागतात, इथे ब्राउझरला कुठल्या सर्व्हरकडे जायचंच नसतं. त्या काळी गेटवेतून (दोन वेगळी जाळी जोडणाऱ्या मशीनमधून) जाणाऱ्या पत्त्यांमध्ये % असायचा, आणि यूआरएलमध्ये % ला वेगळाच अर्थ (त्यापुढे एखाद्या चिन्हाचा कोड येतो), म्हणून तो %२५ असा लिहावा लागायचा.

१९९८ च्या आरएफसी २३६८ ने प्रश्नचिन्हापुढे विषय, सीसी, मजकूर द्यायची सोय नीट लिहून दिली, आणि २०१० च्या आरएफसी ६०६८ ने यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) आणलं, म्हणजे विषय देवनागरीतही देता येतो, फक्त एकट्या 'क' ची लिंकमध्ये नऊ चिन्हं (%E0%A4%95) होतात. स्पेससाठी मात्र %२०च लागतं. वेबफॉर्मच्या सवयीने + टाकला तर तो मेलच्या विषयात तसाच + दिसतो.