मृतांची गुपिते व वृत्तनीती (कोकण)

मृत व्यक्तीने हयातीत झाकून ठेवलेली खाजगी गोष्ट वार्ताहराने छापावी की नाही, छापल्यास कोणत्या कारणासाठी, यासंबंधीचे संकेत, कायदा व वाद. दुसरा संसार, न सांगितलेला आजार, विवाहबाह्य अपत्य, आत्महत्येमागील कारण ही अशा गोष्टींची नेहमीची उदाहरणे होत. येथे मुख्यतः रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या संदर्भात विचार केला आहे.

‘मेलेल्या माणसाचे वाईट बोलू नये’ या संकेताचे मूळ सांगताना सहसा रामायणाच्या युद्धकांडातील ‘मरणान्तानि वैराणि’ या वचनाचा दाखला देतात. तो काळजीपूर्वक तपासला पाहिजे. रावणवधानंतर राम बिभीषणाला हे सांगतो आणि लगेच ‘क्रियतामस्य संस्कारः’ असे म्हणतो. म्हणजे विषय वैर संपल्याचा व अंत्यसंस्काराचा आहे. मृताच्या कृत्यांविषयी मौन पाळावे असे त्यात कोठेही नाही. ग्रीक परंपरेत मृताची निंदा करू नये हे वचन स्पार्टाच्या कायलॉनच्या (इ. स. पू. सहावे शतक) नावावर आहे, पण ते आपल्यापर्यंत येते डायोजीनस लेर्शियस याच्या बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील ग्रंथातून, म्हणजे सुमारे आठशे वर्षांनी. त्याचे प्रचलित लॅटिन रूप तर पंधराव्या शतकातील भाषांतराने रूढ झाले असे मानतात. कोकणातील संकेत या दोहोंपैकी एकातून उतरला असे मानण्यापेक्षा तो घरच्या पितरांविषयीच्या समजुतीतून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. महाळाला (पितृपक्षातील श्राद्धाला) ज्याच्या नावाने पान वाढायचे आणि गाऱ्हाण्यात (देवापुढे घातलेल्या सामूहिक प्रार्थनेत) ज्या पूर्वजांना हाक घालायची, तो माणूस घरातून गेलेला नसतोच. त्याच्याविषयी चारचौघांत बोलणे म्हणजे घरातल्याच माणसाविषयी बोलणे ठरते.

कायद्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. इंग्लंडमध्ये १६०५ साली, दिवंगत आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांच्यावरील निंदापर कवनाच्या खटल्यात, मृताची निंदाही शिक्षापात्र ठरली. कारण अशी निंदा त्याच्या कुळातील माणसांना सूडाला प्रवृत्त करते. १७९१ च्या टॉपम खटल्यात हे तत्त्व आणखी आखडले : हयात नातलगांना तुच्छ लेखले जावे असा हेतू दिसला पाहिजे. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ चे पहिले स्पष्टीकरण याच वळणाचे आहे. आरोप असा हवा की व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता. शिवाय कुटुंबीयांच्या वा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा उद्देशही हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३५६ मध्ये आली. हे कलम मृताचे रक्षण करते की मागे राहिलेल्यांचे, यावर मतभेद आहेत. शब्दरचना पाहता दुसरा पक्ष बळकट दिसतो. महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या अपवादानुसार मजकूर नुसता खरा असून भागत नाही. तो प्रसिद्ध करण्यात लोकहितही असावे लागते. ‘खोटे काय छापले?’ एवढे उत्तर म्हणून अपुरे पडते.

दिवाणी दाव्याची वाट मात्र जवळजवळ बंद आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३०६ अन्वये बदनामीचा दावा व्यक्तीबरोबर संपतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात खाजगीपणाचा हक्कही मृत्यूबरोबर संपतो असे म्हटले. याला ठळक अपवाद लैंगिक अत्याचारपीडितेचा. तिची ओळख मृत्यूनंतरही उघड करता येत नाही आणि केवळ नातलगांची संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले.

कोकणात नाव न छापणे हा उपाय फारसा उपयोगी पडत नाही, आणि शहरात बसून केलेले नियम येथे अपुरे ठरतात ते यामुळेच. आडनावे गावांवरून पडलेली, गाव वाड्यांत विभागलेले, एका वाडीत बहुधा एकाच भावकीची घरे. ‘तालुक्यातील अमुक गावचा, मुंबईत नोकरीला असलेला चाळिशीतील इसम’ एवढे छापले की संध्याकाळपर्यंत घर कळते आणि परळ-लालबागच्या चाकरमान्यांपर्यंतही पोचते. मालवणी मुलखातील गजालीत, म्हणजे गप्पागोष्टींत, अशा गोष्टी पूर्वीपासून चालत आल्या आहेत. पण खळ्यात (घरापुढच्या अंगणात) बसून सांगितलेली गजाल दुसऱ्या दिवशी नाकारता येते, सांगणाऱ्यागणिक बदलते आणि विसरली जाते. छापील कात्रण तसे नसते. ते वीस वर्षांनी नातीच्या सोयरिकीच्या वेळी पुढे येते. तेव्हा मृताचे गुपित उघडताना त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न येथील संपादकाने सर्वांत आधी विचारायला हवा.

कोकणचा वृत्तपत्रांशी संबंध जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत दर्पण सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर (१८१२, काहींच्या मते १८१० – १८४६) देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीहून जगन्मित्र व सत्यशोधक ही पत्रे निघत.

इतिहासाचा विषय झालेली गुपिते वेगळी मानावीत काय, याचे उदाहरण रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे नजरकैदेत होता. त्याच्या थोरल्या कन्येचे राजवाड्यावरील एका स्थानिक नोकराशी असलेले संबंध व त्यातून झालेली मुलगी ही हकीकत तत्कालीन सरकारी पत्रव्यवहारात आली आणि पुढे अनेकदा छापली गेली. राजकैद्यांना ब्रिटिश सत्तेने कसे वागवले हे कळण्यासाठी तिचा उपयोग निश्चित आहे. परंतु राजकन्येचे वंशज रत्नागिरीतच राहिले, आणि प्रत्येक नवा लेख त्यांच्या दारात त्यांच्या गरिबीची छायाचित्रे घेऊन संपू लागला, तेव्हा इतिहासाचे निमित्त कितपत उरले हे विचारणे भाग आहे.

याउलट काही गुपिते उघड होणेच न्यायाचे असते. जमिनी सामाईक, सातबाऱ्यावर अनेक नावे. खातेदार वारल्यावर वारस नोंदीच्या वेळी मुंबईतील दुसरे कुटुंब प्रथमच गावी येते. अवैध विवाहातील अपत्यांना आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो अधिक स्पष्ट केला. येथे ‘झाकली मूठ’ ठेवण्याचा आग्रह म्हणजे त्या मुलांचा वाटा बुडवणे होय. तरीही हे काम जाहीर नोटिशीने होते. त्यासाठी बातमीची गरज नसते.

आत्महत्येच्या वृत्तांबाबत भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पद्धतीचे वर्णन, छायाचित्रे व भडक मथळे त्यांत वर्ज्य आहेत.

परिषदेकडे कुटुंबीयांना तक्रार करता येते. परिषद संपादकाला ताकीद देऊ शकते वा निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. आधी संपादकाला लेखी कळवावे लागते, आणि दैनिक वा साप्ताहिकातील मजकुराविरुद्धची तक्रार सामान्यतः दोन महिन्यांत करावी लागते. यातला पहिला पंधरवडा घरात सुतक, दिवस-कार्ये आणि भेटायला येणाऱ्यांत जातो.