नववर्ष स्वागताच्या नव्या प्रथा

नवीन वर्ष सुरू होताना आधी कधी न केलेली एखादी गोष्ट मुद्दाम करून बघायची, मग ती दुसऱ्या देशातून उचललेली असो, दोन प्रथांची सरमिसळ असो नाहीतर घरातच कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली असो, अशा प्रकाराला नव्या प्रथा म्हणता येईल. ऐकायला हे रील्सच्या जमान्यातलं फॅड वाटतं. पण ज्या प्रथा आज पूर्वापार चालत आल्यात म्हणून सांगतात त्यांचा माग काढत गेलं की बऱ्याचदा एक तारीख हाती लागते आणि ती काही फार जुनी नसते.

रशियात तर चक्क हुकूम निघाला होता. तिथे आधी वर्ष 1 सप्टेंबरला बदलायचं, आणि सालही जगाच्या उत्पत्तीपासून मोजायचे म्हणजे तेव्हा 7208 वगैरे चालू होतं. झार (सम्राट) पीटर द ग्रेटने डिसेंबर 1699 मध्ये फर्मान काढलं की आता 1 जानेवारी 1700 पासून नवीन वर्ष, दारं पाइन, स्प्रूस अशा सदाहरित झाडांच्या फांद्यांनी सजवा, बंदुकांचे बार काढा, एकमेकांना शुभेच्छा द्या. सणाची मजा सुद्धा आदेशाने! पुढे सोव्हिएत काळात ख्रिसमसचं झाड धार्मिक म्हणून बाद झालं आणि 1935 च्या डिसेंबरमध्ये तेच झाड नवीन वर्षाचं झाड म्हणून परत आलं. झाड तेच, नाव फक्त बदललं.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला खाली उतरणारा गोळा हा तर जुगाडच म्हणायचा. तिथे आधी आतषबाजी व्हायची, त्यावर शहराने बंदी आणली, मग 1907 च्या थर्टीफर्स्टला लोखंड आणि लाकडाचा, 100 दिवे लावलेला गोळा खांबावरून खाली सोडला. कल्पना पण उसनीच, कारण ग्रीनिचच्या वेधशाळेत 1833 पासून रोज दुपारी 1 वाजता असा गोळा पडायचा, तो बघून जहाजांवरची घड्याळं लावायचे. 1942 आणि 1943 मध्ये युद्धामुळे दिवे बंद ठेवायचे होते म्हणून गोळा उतरला नाही.

सगळ्यात जास्त उचलली गेलेली प्रथा बहुतेक स्पेनची बारा द्राक्षं. रात्री बाराचे ठोके पडताना प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायचं, बारा महिन्यांसाठी बारा. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे हे ठोके साधारण 3 सेकंदांच्या अंतराने पडतात, म्हणजे सगळा खेळ 36 सेकंदांचा, आणि बिया असल्या तर वाट लागते, म्हणून तिथे सोललेल्या बिनबियांच्या बारा द्राक्षांचे छोटे डबेच मिळतात. 1909 साली द्राक्षाचं पीक जास्त झालं आणि ते खपवायला बागायतदारांनी ही टूम काढली अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, पण त्याच्या आधी 1890 च्या दशकातल्या माद्रिदच्या पेपरात थर्टीफर्स्टच्या द्राक्षांचा उल्लेख सापडतो, तेव्हा बागायतदारांनी फार तर आयत्या प्रथेचा फायदा घेतला असेल. स्पॅनिश बोलणाऱ्या बाकीच्या देशांतही ती पोचली, आणि अलीकडे टेबलाखाली बसून द्राक्षं खाल्ली की जोडीदार मिळतो ही नवी पुरवणी रील्सवरून जगभर फिरली. एक सांगायला हवं, लहान मुलांना अख्खं द्राक्ष घाईत देऊ नये, घशात अडकतं, त्यांच्यासाठी उभे काप करावेत.

प्रथा उचलली जाते ती का, तर सामान कमी लागतं, वेळ ठरलेली असते आणि थोडा वेडेपणा असतो. डेन्मार्कमध्ये बारा वाजता खुर्चीवरून उडी मारून नव्या वर्षात "उतरतात", कोलंबियात रिकामी सुटकेस घेऊन चक्कर मारतात म्हणजे वर्षभर प्रवास घडतो. दोन्ही कोणीही कुठेही करू शकतं. स्कॉटलंडचं फर्स्ट फूटिंग मात्र तसं सोपं नाही, बारानंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडायला हवं आणि त्याच्या हातात कोळसा नाहीतर व्हिस्की वगैरे हवी, आता असा माणूस ऐनवेळी शोधायचा कुठे! ब्राझीलमध्ये पांढरे कपडे घालून समुद्राच्या सात लाटांवरून उड्या मारतात, त्याचा संबंध येमांजा या समुद्रदेवीच्या पूजेशी आहे, त्यामुळे नुसता फोटो काढायचा कार्यक्रम म्हणून करण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

प्रथा बदलतात पण. जर्मनीत शिसं वितळवून पाण्यात ओतायचे आणि जो आकार होईल त्यावरून भविष्य सांगायचे, शिसं विषारी असल्याने युरोपियन युनियनच्या नियमामुळे 2018 पासून ते किट विकायचं बंद झालं, तर लोकांनी कथील आणि मेण वापरायला सुरुवात केली.

आणि चुकायची भीती वाटत असेल तर स्पेनकडे बघा. तिथे मुख्य ठोक्यांच्या आधी चार जोडठोके पडतात, अनेकजण तेव्हाच खायला लागतात, 1989 च्या थर्टीफर्स्टला तर टीव्हीवरच्या निवेदिकेचाच गोंधळ झाला आणि घरोघरी द्राक्षांचा हिशोब चुकला. आता 30 डिसेंबरच्या रात्री त्याच चौकात लोक जमून रंगीत तालीम करतात.