वेल्समध्ये भाव खाऊन गेलेला आपला धोबी

नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये, कॅमरोज नावाच्या खेड्यात एक धोबी पक्षी दिसला आणि बर्डर लोक म्हणजे पक्षी बघणारे लांबून लांबून गाड्या काढून तिकडे पोचले. तो होता मास्क्ड वॅगटेल, म्हणजे पांढऱ्या धोब्याची पर्सोनाटा उपप्रजाती, ब्रिटनमधली पहिलीच नोंद. आपल्याकडे हाच पठ्ठ्या हिवाळ्यात नदीकाठी, ओल्या शेतात शेपटी हलवत फिरतो आणि भिगवणला आलेले कॅमेरेवाले फ्लेमिंगोच्या नादात त्याला ढुंकूनही विचारत नाहीत.

या धोब्यांचा घोळ तसा जुनाच. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने १७५८ मध्ये मोटासिला आल्बा नाव दिलं ते युरोपातल्या पक्ष्याला, मग आशियातून नमुने यायला लागले तशी नावं वाढत गेली. १८६१ मध्ये पक्षीतज्ज्ञ गूल्डने पर्सोनाटाचं वर्णन केलं, त्याच्या आधीच १८३२ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिताना एका धोब्याला डुखुनेन्सिस म्हटलं, म्हणजे दख्खनचा, पण तो इथे फक्त थंडी काढायला येतो, अंडी घालतो तिकडे सायबेरियाच्या बाजूला! (आता बरेच तज्ज्ञ त्याला वेगळा मानतच नाहीत.)

पुढे हे सगळे एकाच प्रजातीत गोळा केले गेले, कारण हद्दी जुळतात तिथे त्यांचा सरळ संकर होतो. डीएनए बघितला तर फरक फारच थोडा निघतो, सायबेरियात आल्बा (युरोपातल्या पक्ष्याची उपप्रजाती) आणि पर्सोनाटाच्या संकरावर काम झालंय त्यात डोक्याचा रंग जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, दोन छोट्या भागांवर ठरतो असं दिसलं. म्हणजे सगळा खेळ तोंडाच्या रंगाचा. पर्सोनाटाचं कपाळ आणि डोळ्याभोवतीचा भाग पांढरा, बाकी डोकं, मान, छाती काळी, पाठ राखाडी. साध्या आल्बाचा गाल आणि मानेची बाजू पांढरी राहते, इथे ती काळी होते, ओळख तिथेच पटते.

पर्सोनाटाची वीण इराणपासून अल्ताईपर्यंत, तिथून थंडीत खाली भारतात यायचं, कॅमरोजचा हा मात्र पश्चिमेला सुटला. याआधी एप्रिल २००५ मध्ये इंग्लंडच्या सीहॅमला अमूर वॅगटेल म्हणजे ल्युकॉप्सिस ही दुसरी उपप्रजाती आली होती, तो तर पार पूर्व आशियातला. हा ल्युकॉप्सिस हिवाळ्यात आपल्या ईशान्येकडे असतो, पुण्याकडे एखादा भरकटला तर काळपट पाठ बघूनच लक्षात येईल, पण बघणार कोण, ईबर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या वेबसाइटवर, उपप्रजातीचा पर्याय असूनही आपण नुसतं व्हाइट वॅगटेल टाकून मोकळे होतो.